वेल्ह्याची मिस केतकी

हौसामावशी समोरच्या माणसाकडे पापणी न हलवता बघायच्या. भोरमधल्या बायकांना ते आवडत नसे. "अंगावर आल्यासारखी बघते ती बाई," असं माझी आई म्हणायची. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा त्यांना त्याचं कारण विचारलं. शिवणयंत्राचं चाक हातानं थांबवून त्या म्हणाल्या, "अगं, चकचकीत पत्रे लावून उन्हाची तिरीप आमच्या तोंडावर मारायचे. डोळ्यातनं पानी यायचं. पन पापनी हलली की सायेब म्हनायचा, गेलं, परत करा. सात वर्सं तसं काढल्यावर डोळं मिटायची सवयच गेली."

ती सात वर्षं म्हणजे त्यांची मूकपटातली वर्षं. पडद्यावर त्यांचं नाव होतं मिस केतकी. ते कंपनीनं ठेवलेलं. खरं नाव हौसा, गाव वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती, मूकपटांना कुणी विचारत नव्हतं, आणि मिस केतकी भोरमध्ये दोन खोल्या घेऊन बायकांची पोलकी शिवत होत्या. वय तिशीच्या आतच असेल. त्या कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे. पण त्यांच्यासारखी शिलाई दुसऱ्या कुणाची नव्हती. म्हणून कापड त्यांच्याकडेच जायचं, तेही घरातल्या मुलींच्या हाती.

मीही तशीच गेले. मला नवव्या वर्षी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण चेहरा व्रणांनी भरला. बरी होऊन शाळेत गेले तेव्हा शेजारच्या मुलीनं आपली पाटी उचलली आणि लांब जाऊन बसली. त्यानंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मी शिकावं असं त्यांना फार वाटे, पण माझ्या रडण्यापुढे त्यांचं चाललं नाही. दोन वर्षं मी घरातच काढली. बाहेर पडावंच लागलं तर दाढ दुखत असल्यासारखा हातरुमाल गालाशी धरायची आणि मान खाली घालून चालायची.

त्या दिवशी पोलकं माझंच शिवायचं होतं, त्यामुळे जाण्यावाचून सुटका नव्हती.

"वर बघ," हौसामावशी म्हणाल्या.

मी नुसती उभी राहिले.

"मान खाली घातलीस तर गळ्याचं माप चुकंल. मग तुझी आई म्हनंल, शिवनारनीला काय येत न्हाई. वर बघ, आन् त्यो रुमाल ठेव तिकडं."

मी रुमाल ठेवला. त्यांनी माप घेतलं, वहीत लिहिलं आणि मग समोर बसून माझ्याकडे बघितलं. एरवी लोक माझ्याकडे चोरून बघायचे, आणि नजर भिडली की घाईनं दुसरीकडे वळायचे. ह्या बघतच राहिल्या. मला रडू फुटेल असं वाटलं. पण त्यांच्या बघण्यात कीव नव्हती आणि किळसही नव्हती. नवं कापड उलगडून बघावं तसं त्या बघत होत्या.

"देवी कवा आल्या व्हत्या?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. सगळे माझ्या पाठीमागे आईला विचारायचे. मी म्हटलं, "नवव्या वर्षी."

"डोळं वाचलं तुझं. आमच्या वाडीतल्या एकीचं दोनी गेलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "चांगलं हायेत डोळं. लई लांबनं दिसतील असं."

घरी आल्यावर मी आईला सांगितलं की पोलकं आणायला मीच जाणार. त्यानंतर मी जात राहिले. आईनं दोन-चारदा हटकलं, पण मुलगी घराबाहेर पडते आहे याचंच वडिलांना इतकं समाधान होतं की त्यांनी तिला गप्प केलं. मी मावशींच्या दारात बसून काजं करायची, गुंड्या लावायची, आणि त्यांची कहाणी मला तिथंच तुकड्यातुकड्यानं कळली.

लग्न बाराव्या वर्षी झालं होतं. वर्षाच्या आत नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. सोळाव्या वर्षी त्या भावाच्या घरी गुरं राखत आणि गवत कापत होत्या, तेव्हा पुण्याची एक फिल्म कंपनी गडाकडे चित्र घ्यायला आली. नायिका शहरातली होती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन तिनं कड्याची वाट उतरायची होती. बाईंनी वाट पाहिली आणि दगडावर बसून घेतलं. त्याच वाटेनं हौसा रोजच्यासारखी भारा घेऊन खाली येत होती. दिग्दर्शकानं तिला थांबवलं, नायिकेचं लुगडं नेसायला दिलं आणि पुन्हा उतरायला सांगितलं, पाठमोरी.

"चारदा उतरिवलं मला," मावशी सांगायच्या. "म्या इचारलं, गवत कुटं टाकू? तर म्हनं, टाकायचं न्हाई, परत वर न्यायचं. म्या म्हनलं, मानसं येडी हायेत ही. मग त्यो सायेब म्हनला, आता तोंड हिकडं कर."

तिनं तोंड तिकडं केलं. आठ दिवसांनी कंपनीची गाडी तिला न्यायला आली. तिची आई कशीबशी तयार झाली होती. थोरला भाऊ धोंडिबा मात्र दारात उभा राहून म्हणाला, "गाडीत बसलीस तर आमाला मेलीस." हौसा गाडीत बसली.

सात वर्षांत त्यांनी बारा-तेरा चित्रांत काम केलं. राण्या झाल्या, देवी झाल्या, एकदा रानात वाढलेली मुलगी झाल्या आणि खरा अजगर गळ्यात घेऊन बसल्या. लिहायला-वाचायलाही त्या तिथंच शिकल्या. मूकपटात दोन प्रसंगांच्या मध्ये मजकुराची पाटी येते. त्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा रंगारी कंपनीत होता, त्यानं त्यांना अक्षरं शिकवली. म्हणून मापांच्या वहीतसुद्धा त्यांचं अक्षर पाटीवरच्यासारखं ठसठशीत आणि वेलबुट्टीचं असे. 'छाती बत्तीस' हे दोन शब्द एखाद्या राजवाड्याच्या दारावर लिहावेत तसे त्या लिहायच्या.

बोलायचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "मनाला यील ते बोलायचं. आवाज कुटं येत व्हता? राजा मरायचा, रानी रडायची. मला त्या राजाचं काय बी वाटायचं न्हाई. त्यो मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून इड्या वढायचा. मग म्या आमच्या म्हशीला आठवायचे. दुष्काळात इकली व्हती ती. तोंडानंबी तेच म्हनायचे, माझी म्हस गेली गं बया. लोकं म्हनायची, काय रडती, काळीज फाटतं."

पुण्यात रस्त्यानं जाताना लोक त्यांना ओळखायचे. देवीचं काम केलेलं चित्र लागलं होतं तेव्हा म्हाताऱ्या बायका वाकून नमस्कार करायच्या. "सकाळी पाया पडायच्या आन् दुपारी भाड्यानं खोली मागाया गेलं की दार लावायच्या," असं मावशी सांगायच्या, पण त्यात राग नसे. "त्यांचं बी बरोबर. देवीला कुनी भाडेकरू ठेवतं का?"

मग बोलपट आला. गावाकडची बोली घालवायला कंपनीनं एक मास्तर नेमला आणि महिनाभर त्यांच्याकडून 'नाही', 'होय', 'प्राणनाथ' असं घोटून घेतलं. त्यांना ते यायला लागलं. पण चाचणीच्या वेळी दिग्दर्शक बराच वेळ गप्प बसला. "त्यो काय बोलायच्या आदीच मला कळलं," मावशी म्हणाल्या. "शबुद नीट यायचा, पन त्यो नीट आनू आनू डोळ्यातलं समदं निघून जायचं. म्याच म्हनलं, सायेब, म्या जाते." कंपनीच्या शिंप्याकडून त्या शिवण शिकल्या होत्या. गावी भावाचं दार बंद आणि पुण्यात राहण्यात अर्थ नाही, म्हणून दोन्हींपासून फार लांब नाही असं भोर त्यांनी धरलं.

एक दिवस मी काजं करत असताना दारात दोन मुली आल्या आणि मी सवयीनं मान खाली घातली. त्या गेल्यावर मावशींनी मशीन थांबवलं.

"शांते, लोकं का बघत्यात ठावं हाय का तुला?"

"माझा चेहरा असा आहे म्हणून."

"न्हाई. तू झाकतीस म्हून. झाकलेलं कुनालाबी बघावं वाटतं. म्या सात वर्सं तोंडाचीच भाकर खाल्ली. तुला सांगते, मानूस कुनाच्याबी तोंडाकडं लई येळ बघत न्हाई, कटाळतं. राजाची रानी असू दे न्हाईतर आनि कुनी. पयलं त्यांचं त्यांना बघून घेऊ दे. तू घाई करू नको, हलू नको. त्यांचं बघून झालं की मग तू बोल. मग त्ये आयकत्यात."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं दाराच्या आत बसणं बंद केलं. उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून बसायचं. पहिले आठ दिवस मला घाम फुटायचा. महिन्याभरानं येणारे-जाणारे "काय गं, हौसाबाई आहेत का घरात?" असं मलाच विचारू लागले. जूनमध्ये मी आपण होऊन वडिलांना म्हटलं की मला शाळेत जायचं आहे.  वडील टोपी घालून तसेच उठले आणि नाव घालून आले.

मी तेरा वर्षांची असताना जत्रेत तंबूचा सिनेमा आला. जाहिरातीवर मिस केतकी हे नाव मी वाचलं आणि धावत मावशींकडे गेले. जुना मूकपट होता. त्या म्हणाल्या, "म्या न्हाई येनार. जित्तेपनी आपलंच दीस घातल्यावानी वाटंल." मी दोन दिवस मागे लागले तेव्हा आल्या. वडीलही आले आणि पुरुषांच्या बाजूला बसले. मधे दोरी बांधली होती. आमच्या बाजूला भोंगवलीच्या, सारोळ्याच्या, कुठून कुठून बैलगाड्या जोडून आलेल्या बायका दाटीनं बसल्या होत्या.

गोष्ट सोपी होती. किल्लेदाराला दगा करून मारतात, आणि त्याची बायको गवतवालीचं सोंग घेऊन, डोक्यावर भारा घेऊन शत्रूच्या छावणीतून निसटते आणि माणसं जमवून किल्ला परत घेते. पडद्याशेजारी एक पेटीवाला असे आणि उभा राहून गोष्ट सांगणारा एक माणूस असे. जत्रेच्या तीन दिवसांत सांगणाऱ्याचा घसा पार बसला होता. दहा मिनिटांतच त्याच्या तोंडून नुसती हवा यायला लागली. पाट्या वाचता येणारे थोडे. लोक शिट्ट्या मारू लागले, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पडद्यावर येऊ लागली. पडद्यावर मावशी होत्या, वीस वर्षांच्या, आणि त्यांच्या तोंडावर टरफलं पडत होती.

मला ते बघवेना. मी हळूच विचारलं, "मावशी, आता ती काय म्हणते आहे?" त्या माझ्या कानात सांगू लागल्या. पुढच्या बाईनं वळून म्हटलं, "आमालाबी सांगा की." आणखी दोघी-तिघी तेच म्हणाल्या. त्या सांगत गेल्या, आवाज वाढत गेला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "उभ्या राहून सांगा, बाई."

त्या उभ्या राहिल्या. ज्या बोलीमुळे त्यांचं काम सुटलं त्याच बोलीत त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. किल्लेदाराची बायको 'प्राणनाथ' म्हणाली नाही. ती म्हणाली, "धनी, उठा की वो. दिवा लावायची येळ झाली." माझ्या पुढच्या बाईनं पदर तोंडाला लावला. छावणीत शिपाई भाऱ्यात भाला खुपसून बघतो तिथे मावशी क्षणभर थांबल्या, आणि त्या एवढ्या मोठ्या तंबूत पेटीवाल्यानंसुद्धा सूर धरला नाही. शेवटी किल्ल्याचं दार उघडलं तेव्हा लोक उठून उभे राहिले. निम्मे पडद्याकडे बघत होते आणि निम्मे मावशींकडे. म्हणजे त्यांनी ओळखलं होतं.

घरी येताना मावशी आमच्याबरोबर होत्या. वडील त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "हौसाबाई, आमच्याकडे कीर्तनकार पुष्कळ येतात. आज ऐकलं तसं मी ऐकलेलं नाही."

"म्या पयल्यांदाच बोलले पडद्यावरच्या तिच्यासाठी," मावशी म्हणाल्या.

त्या तंबूत वेल्ह्याकडची माणसं होतीच. महिन्याभरानं एका दुपारी मी काजं करत असताना एक उंच माणूस पायरीखाली येऊन उभा राहिला. मुंडासं, घोंगडी, पाय धुळीनं भरलेले. त्यानं नुसतं "हौसा" म्हटलं. मशीन थांबलं.

"आय अंथरुनाला खिळलीय," धोंडिबा म्हणाला. "तुझं नाव घेती."

"म्या मेले न्हवं तुमाला?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हनलो व्हतो तसं. आता न्यायला आलोय."

"गावात शिनेमाची बाई म्हनत्याल."

"म्हनू दे. जत्रेपास्नं समदी मलाच इचारत्यात, तुझी भन कवा येनार म्हून."

मावशींनी त्याला पाणी दिलं, आत बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शांते, दोन पोलकी राह्यल्यात लोकांची. सकाळी निघते. आज तेवढी हातावेगळी करू."

संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. मी फायनलच्या परीक्षेला बसावं आणि पुढे मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यावं असं वडिलांच्या मनात होतं, आणि आई अडून बसली होती, हे त्यांना माझ्याकडून कळलं होतं.

"वैनी, उद्या जाते म्या," त्या म्हणाल्या. "एक सांगाया आले. शांतीला मास्तरीन व्हऊ द्या."

आई म्हणाली, "हौसाबाई, चाळीस मुलं तिच्या तोंडाकडे बघून हसतील. मला ते सोसायचं नाही."

"तेच म्हनते म्या. तुमाला सोसत न्हाई. तिला सोसतं आता. लेकीचं तोंड बघून तुमी रडता, त्यो तुमचा जीव हाय म्हून. पन तुमचं रडनं तिच्या पायात घालू नका."

आई वळली आणि आत गेली. मला वाटलं रागावली. ती करंडा घेऊन बाहेर आली आणि तिनं मावशींना हळदकुंकू लावलं.  मग मावशी गेल्या.

मी परीक्षा दिली, पुण्याला ट्रेनिंग घेतलं आणि नोकरी लागली ती शिवऱ्याच्या शाळेत. पहिल्या दिवशी वर्गात गेले, टेबलाशी उभी राहिले आणि काही बोलले नाही. मुलांना बघून घेऊ दिलं. दोन-तीन जण हसले, एकानं दुसऱ्याला ढोसलं, आणि मग सगळी कंटाळून गप्प झाली. मग मी बोलले. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं प्रत्येक जूनमध्ये मी तेच केलं. मला एकदाही छडी उचलावी लागली नाही.

नोकरी लागल्याचं सांगायला मी मावशींच्या गावी गेले. त्यांची आई त्यांच्याच मांडीवर वारली होती आणि धोंडिबानं त्यांना परत जाऊ दिलं नव्हतं. गुडघाभर चिखलात त्या भाताची लावणी करत होत्या. बांधावर येऊन माझ्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि लावणीतल्या बायकांना म्हणाल्या, "ही माझी शांती. मास्तरीन हाय." एवढं ऐटीत त्यांनी स्वतःच्या कुठल्या चित्राबद्दल कधी सांगितलं नव्हतं.

चार वर्षांनी पावसाळ्यात त्या हिवतापानं गेल्या. वाटा बंद होत्या. पत्र मला महिन्यानं मिळालं. त्यांचं एखादं छायाचित्र तरी त्यांच्या घरी न्यावं म्हणून मी पुण्यात चौकशी केली, तेव्हा कळलं की कंपनी केव्हाच बंद झाली होती आणि गुदामाला आग लागून सगळी चित्रं जळाली होती. मी रिकाम्या हातानं, दिवाळीच्या सुट्टीत, गावी गेले.

दुपारची वेळ होती. धोंडिबा अंगणात बसला होता. मी आगीचं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. मग म्हणाला, "बाई, म्या तिचा एकबी शिनेमा बघितला न्हाई. तवा रागात व्हतो. मागनं इचारायची लाज वाटली. तुमी बघितलाय न्हवं? कशी दिसायची?"

मी सांगायला लागले. किल्ला, दगा, छावणी, गवताचा भारा. मावशींचेच शब्द तोंडात येत होते. मी बसून सांगत होते ती केव्हा उभी राहिले ते मला कळलं नाही. शेजारपाजारची माणसं येऊन कुडाशी उभी राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते.

किल्ल्याचं दार उघडलं आणि मी थांबले. धोंडिबानं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले.

"जरा थांबा," तो म्हणाला. घरात जाऊन त्यानं चुलीपाशी बसलेल्या बायकोला आणि दोन्ही सुनांना बाहेर बोलावलं, अंगणात पुढे बसवलं, आणि मग मला म्हणाला, "आता परत पयल्यापास्नं सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.